बोर्ड वेळेत का होत नाही? साइनबोर्डच्या छोट्या धंद्यातला गोंधळ कसा आवरायचा

२५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत दसरा आला, दिवाळी आली आणि २५ नोव्हेंबरला मुदत संपली. दुकानदारासाठी ती कायद्याची मुदत होती. बोर्ड बनवणाऱ्यासाठी मात्र सणासुदीच्या कामांवर येऊन पडलेली ती आणखी एक मुदत होती.

अशी गर्दी आली की छोट्या साइनबोर्डवाल्याचे गणित बिघडते. फोन वाजत राहतो, गाळ्यात अर्धवट फ्रेम उभ्या असतात, ॲडव्हान्स घेतलेला असतो, पण तयार बोर्ड निघत नाही. मग मालकाला वाटते, मशीन मोठे घ्यावे किंवा माणूस वाढवावा. बहुतेक वेळा अडचण मशीनची नसते. ती कामाच्या थांबण्याची असते.

काम चालते किती आणि थांबते किती?

भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या आसपास एक गाळा आहे, असे उदाहरणापुरते धरू. मालक स्वतः ऑर्डर घेतो. एक डिझायनर, दोन कारागीर आणि व्हिनाईल कापायचा एक प्लॉटर. मोठी छपाई आणि लेझर कटिंग बाहेरून जॉब वर्कवर होते.

या गाळ्यात १० बाय ३ फुटांच्या ग्लो साइनची ऑर्डर आली. ढोबळ हिशेब मांडू. माप घ्यायला अर्धा तास, डिझाईनला दोन तास, छपाईला एक तास, फ्रेम आणि वायरिंगला अर्धा दिवस, फिटिंगला अर्धा दिवस. प्रत्यक्ष हात लागतो तो दीड दिवस. तरी बोर्ड लागायला आठ-दहा दिवस जातात. उरलेले दिवस काम कुणाची तरी वाट पाहत पडून असते. मजकूर नक्की नाही, हवा तो रंग मिळत नाही, छपाई परत आली नाही, फिटर दुसरीकडे गेला आहे.

मशीन दुप्पट वेगाचे घेतले तरी यातला अर्धा तास वाचेल. वाट पाहण्याचे दिवस तसेच राहतील.

यामागे एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हातात असलेली कामे भागिले रोज पूर्ण होणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. गाळ्यात २४ कामे उघडी असतील आणि रोज ४ पूर्ण होत असतील, तर सरासरी ६ दिवस लागणार. वेग तोच ठेवून उघडी कामे १२ वर आणली, तर ३ दिवस. थोडक्यात, जास्त कामे एकदम सुरू केल्याने जास्त कामे पूर्ण होत नाहीत. प्रत्येक कामाला उशीर मात्र होतो.

अर्धवट ऑर्डर आत घेऊ नका

ऑर्डर मिळणे आणि काम सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डर लगेच नोंदवावी, पण पुढच्या सहा गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय डिझायनरकडे किंवा कारागिराकडे काम देऊ नये. एका कामाला एक जॉब कार्ड, आणि त्यावर या सहा रकान्यांवर बरोबरची खूण:

१. माप. फोनवर सांगितलेले नव्हे, टेप धरून काढलेल्या फोटोसह.
२. अंतिम मजकूर. ग्राहकाने स्वतः लिहून पाठवलेला.
३. साहित्य आणि जाडी. फ्लेक्स, एसीपी, ॲक्रिलिक, सनबोर्ड यांपैकी नेमके काय.
४. जागेची स्थिती. जमिनीपासून उंची, शटरची पेटी, एसीचे युनिट, विजेचा पॉइंट, शिडी उभी राहते का.
५. परवानगी. सोसायटीची, आणि लागत असेल तर महापालिकेची. ती कोण आणणार तेही लिहावे.
६. ॲडव्हान्स.

यातली तिसरी आणि चौथी गोष्ट सर्वाधिक राहून जाते. एसीपीची नेहमीची शीट ८ बाय ४ फुटांची असते. म्हणजे १० फुटी बोर्डाला जोड येणार की लांब शीट मागवायची, हे कोटेशन देतानाच ठरले पाहिजे. कारागीर कापायला बसल्यावर हा प्रश्न निघाला तर काम तिथेच दोन दिवस अडते.

एलईडीचेही तसेच. १.५ वॉटची ६० मोड्यूल म्हणजे ९० वॉट. १२ व्होल्टवर ती साडेसात अँपिअर घेतात. थोडी जागा ठेवून १० अँपिअरचा पॉवर सप्लाय लागतो. हा हिशेब कार्डावर आधीच लिहिला तर फिटिंगच्या दिवशी दुकान शोधत फिरावे लागत नाही.

देवनागरीचा वेगळा सापळा

इंग्रजी बोर्डात नसलेल्या दोन चुका मराठी बोर्डात होतात.

पहिली फाँटची. ग्राहक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतो तो युनिकोडमध्ये. अनेक डिझायनर अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना रफार सरकतो, जोडाक्षर तुटते, ऱ्हस्व-दीर्घ बदलते. ‘आचाऱ्यांचे’ लिहायचे आणि ‘आचार्यांचे’ छापून आले, तर केटररच्या बोर्डावर स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजी येतात. मजकुराचे आउटलाइन केल्यानंतर ही चूक कोणत्याही सॉफ्टवेअरला कळत नाही, कारण तेव्हा अक्षरे उरलेली नसतात, फक्त आकार उरतात. म्हणून तपासणी आउटलाइनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, ग्राहकाने पाठवलेला मूळ मजकूर शेजारी ठेवूनच करावी.

दुसरी चूक कायद्याची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही मराठी पाटीच्या नियमाखाली आली. मजकूर देवनागरीत हवा, मराठी आधी हवी, आणि इतर भाषेची अक्षरे मराठीपेक्षा मोठी नकोत. वर मोठा इंग्रजी लोगो आणि खाली बारीक मराठी, असे डिझाईन ग्राहकाला आवडले तरी तो बोर्ड पुन्हा बनवावा लागण्याची शक्यता असते. दंडाची भीती दुकानदाराला, पण वाद होतो बोर्डवाल्याशी. त्यामुळे हा मुद्दा डिझाईन दाखवतानाच सांगावा.

मंजुरी नेहमी लेखी घ्यावी. असा एक ठरलेला मेसेज ठेवता येतो:

‘शेठ, सोबत डिझाईन पाठवले आहे. मजकूर, शुद्धलेखन, माप आणि रंग तपासून “ओके, छापा” असे लिहून पाठवा. त्यानंतरच्या बदलाचा खर्च वेगळा लागेल.’

अंगठ्याची खूण मंजुरी धरू नये. ती अनेकदा फक्त ‘मेसेज मिळाला’ एवढेच सांगते.

भिंतीवरचा फळा

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कामावर नियंत्रण ठेवण्यासाठी कार्डांची पद्धत रुजवली. तिला ‘कानबान’ म्हणतात. या जपानी शब्दाचा मूळ अर्थच दुकानाची पाटी असा आहे. म्हणजे पाट्या बनवणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटायचे कारण नाही.

एक पांढरा फळा घ्यावा आणि त्यावर सात रकाने आखावेत: माहिती अपुरी, डिझाईन, मंजुरीची वाट, बाहेर छपाईला, फॅब्रिकेशन, फिटिंग, बिल बाकी. जॉब कार्ड पुढे सरकेल तसे त्याचे ठिकाण बदलावे.

खरा उपयोग मर्यादेत आहे. प्रत्येक रकान्यात जास्तीत जास्त किती कार्डे, हे आकड्याने लिहावे. दोन कारागीर असतील तर फॅब्रिकेशनमध्ये तीनच. चौथे आत घ्यायचे तर एक बाहेर काढायला हवे. यामुळे मालकाला नवीन काम सुरू करण्याऐवजी अडलेले काम मोकळे करावे लागते. ‘मंजुरीची वाट’मध्ये कार्डे साचली तर फोन करायचे. ‘बाहेर छपाईला’मध्ये साचली तर छपाईवाल्याशी वेळ ठरवायची किंवा दुसरा शोधायचा.

अर्जंट कामासाठी एकच जागा ठेवावी. एका वेळी एकच कार्ड, आणि त्याचा दर जास्त. सगळीच कामे अर्जंट असतील तर एकही अर्जंट राहत नाही.

कॉम्प्युटरमधल्या फाइलींनाही हीच शिस्त हवी. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘एकदम फायनल’ अशा नावांमुळे जुनी फाइल छपाईला जाते. त्याऐवजी जॉब नंबर, ग्राहकाचे नाव, माप आणि आवृत्तीचा आकडा अशा क्रमाने नाव द्यावे. मंजूर फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि छपाईला फक्त तिथूनच पाठवावी.

गाळ्यातली जागा

छोट्या गाळ्यात सर्वाधिक जागा उरलेल्या तुकड्यांनी व्यापलेली असते. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेला तुकडा शोधायला लागणारा वेळ त्याच्या किमतीपेक्षा महाग पडतो. म्हणून किमान माप ठरवावे. दोन फुटांपेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, असा एक नियम चालेल. ठेवलेल्या तुकड्यावर माप मार्करने लिहावे.

शीट कप्प्यांत उभ्या ठेवाव्यात, म्हणजे खालची काढण्यासाठी वरच्या सगळ्या हलवाव्या लागत नाहीत. व्हिनाईलचे रोल खुंट्यांवर अडकवावेत आणि उरलेली लांबी टोकाला लिहावी. एखाद्या रोलची लांबी ठरलेल्या खुणेखाली आली की त्याच दिवशी ऑर्डर द्यावी. संपल्यावर दिलेली ऑर्डर ही नेहमी अर्जंट ऑर्डर असते.

फिटिंगचा दिवस

भाईंदरच्या गाळ्यासाठी फिटिंगमध्ये भूगोल महत्त्वाचा आहे. लोकलने नायगाव पुढचेच स्टेशन. पण बोर्ड टेम्पोतून जातो, आणि टेम्पोला रस्त्याने खाडी ओलांडायला काशीमीऱ्याहून वरसावे पुलापर्यंत वळसा घालावा लागतो. विसरलेल्या एका ड्रिल बिटसाठी परत यायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून खाडीपलीकडची कामे एका दिवशी आणि मीरा रोड-दहिसरची दुसऱ्या दिवशी, अशी विभागणी फायद्याची ठरते.

फिटिंगची पेटी वेगळी ठेवावी आणि झाकणाच्या आत यादी चिकटवावी. ड्रिल, बिट, अँकर बोल्ट, एक्स्टेन्शन, टेस्टर, सिलिकॉन, सेफ्टी बेल्ट. पेटीतली वस्तू गाळ्यातल्या कामाला वापरायची नाही.

घाईचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. उशीर झालेला बोर्ड संध्याकाळच्या अंधारात, एकट्या माणसाने, चालू वायरीजवळ शिडीवर चढून लावला जातो. दोन माणसे, बेल्ट आणि बंद केलेला मेन स्विच, यांत सूट नको. पावसाळ्यातल्या वाऱ्यात फ्रेमचा एक कमजोर बोल्टही खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

पैसे आल्यावरच काम संपले

बोर्ड लागला की फोटो काढून त्याच दिवशी बिल पाठवावे आणि कार्ड ‘बिल बाकी’मध्ये न्यावे. पैसे जमा होईपर्यंत ते फळ्यावरच राहू द्यावे.

कंपन्यांची कामे करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असावा.

सुरुवात कुठून करायची?

सगळे एकदम बदलायला जाऊ नये. एका संध्याकाळी गाळ्यातली सगळी उघडी कामे कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येकासमोर ते आत्ता कशासाठी थांबले आहे, ते एका ओळीत लिहावे. सगळ्यात जास्त वेळा आलेले कारण आधी दूर करावे. ते ‘मजकूर नक्की नाही’ असेल तर जॉब कार्ड, ‘छपाई आली नाही’ असेल तर छपाईवाल्याशी ठरलेला दिवस. दोन आठवड्यांनी हीच यादी पुन्हा करावी आणि उघड्या कामांचा आकडा मोजावा. तो खाली आला असेल, तर ग्राहकाला तारीख देताना मालकाला अंदाज बांधावा लागणार नाही.