मनाची व्यथा, शरीराची तक्रार

ग्रामीण भागातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात काही तक्रारी हमखास कानी पडतात. डोके सतत जड असते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, अंगात त्राण उरलेले नाही, अन्न गोड लागत नाही. वैद्यकीय अधिकारी रुग्णास तपासतात. नाडी, रक्तदाब, रक्ताची तपासणी, ई. सी. जी., सारे काही ठीक असते. मग रुग्णास सांगण्यात येते, "तुम्हाला काहीही झालेले नाही." हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारलेले असते. रुग्णाच्या मनापर्यंत मात्र त्याचा वेगळाच अर्थ पोचतो. आपण खोटे बोलतो असा डॉक्टरांचा समज झाला, असे त्यास वाटते आणि तो दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतो. तेथे सलाईन लावले जाते, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा धडधड सुरू होते. मूळ चिंता कर्जाची असेल, तर तिच्यात उपचारांच्या खर्चाची भर पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट होणे अगत्याचे आहे. अशा रुग्णाची वेदना खरी असते. तो सोंग करीत नसतो आणि त्याचे शरीरही त्यास फसवीत नसते. भावनिक ताण शरीरात प्रत्यक्ष बदल घडवून आणतो व तेच बदल लक्षणांच्या रूपाने जाणवतात.

भाषेला ठाऊक असलेले शरीरशास्त्र

मराठी भाषेने हे फार पूर्वीच टिपून ठेवले आहे. भीतीने तोंडचे पाणी पळते, अंगावर काटा उभा राहतो, हातपाय गार पडतात, छातीत धस्स होते, पोटात गोळा उठतो. हे वाक्प्रचार आपण अलंकार म्हणून वापरतो. पण त्यांतील बहुतेक अक्षरशः खरे आहेत. भीतीची जाणीव होताच मेंदूतून मज्जातंतूंच्या द्वारे इशारा जातो व मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. लाळेचा पाझर घटतो म्हणून तोंड कोरडे पडते. केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आवळले जातात म्हणून काटा येतो. त्वचेकडील रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून हात गार पडतात. हृदय वेगाने चालू लागते आणि पचनाचे काम मागे पडते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या प्रतिक्रियेचे विवेचन १९१५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. संकटाशी झुंजण्याची अथवा त्यापासून पळून जाण्याची ही शरीराची सिद्धता होय.

शेताच्या बांधावर वाघाची चाहूल लागली, तर ही सिद्धता प्राण वाचविते. परंतु सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, भावकीतील जमिनीचा तंटा, मुलीचे मोडलेले लग्न, बदलीच्या आदेशाची टांगती तलवार यांच्यापुढे धड झुंजता येत नाही, धड पळताही येत नाही. वाघ निघून जातो. हप्ता उंबऱ्यातच बसून राहतो. त्यामुळे काही क्षणांसाठी योजिलेली ही अवस्था आठवडेच्या आठवडे टिकते. अधिवृक्क ग्रंथींतून पाझरणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण बिघडते, झोप तुटक होते. मान व खांद्यांचे स्नायू सतत ताठलेले राहून डोके दुखू लागते.

मुंग्यांचे कारण तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. धास्तावलेला माणूस नकळत जलद श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरते. "हा हृदयविकाराचा झटका तर नव्हे?" या शंकेने श्वास आणखी जलद होतो व मुंग्याही वाढतात. हे चक्र एकदा सुरू झाले, की रुग्णास मध्यरात्री जीप करून तालुक्याला नेले जाते.

जुन्या वैद्यकालाही मन व शरीर यांचे हे नाते अपरिचित नव्हते. चरकसंहितेत अतिसाराच्या प्रकारांत भयज व शोकज, म्हणजे भयाने आणि शोकाने होणारे अतिसार, स्वतंत्रपणे सांगितले आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात याचा प्रत्यक्ष पुरावा एका अपघातामुळे हाती आला. १८२२ मध्ये बंदुकीची गोळी लागून एका तरुणाच्या पोटास कायमचे छिद्र राहिले. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून अनेक वर्षे जठराचे निरीक्षण केले. तो तरुण संतापला असता जठराच्या अस्तराचे रूप पालटते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले व १८३३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले.

दुसऱ्या टोकाची चूक

तथापि, जे समजत नाही ते सर्व मनावर ढकलणे हीदेखील चूकच होय, आणि ही चूक तज्ज्ञांच्याही हातून घडली आहे. जठराचा व्रण हा मुख्यतः चिंतेमुळे होतो, असे अनेक दशके मानले जात होते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा शोध लावला, तेव्हा बहुसंख्य व्रणांचे मूळ जंतुसंसर्गात असल्याचे पुढे सिद्ध झाले. या शोधास २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थकवा व धडधड ही रक्तक्षयाचीही लक्षणे आहेत, गलग्रंथीच्या विकाराचीही आहेत. छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे सरकणे, वजन घटणे, रेंगाळणारा ताप, शौचावाटे रक्त, शरीराच्या एका बाजूस अचानक दुर्बलता यांपैकी काहीही असल्यास "ताण असेल" म्हणून थांबणे धोक्याचे आहे. तपासणी आधी. तीही मनापासून केलेली हवी. चिठ्ठीवर घाईने औषध लिहून देणे म्हणजे तपासणी नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी. अंगावरून पांढरे जाणे व त्यासोबतचा अशक्तपणा ही आपल्याकडील नित्याची तक्रार आहे. तिच्यावर बहुधा जंतुनाशक गोळ्या दिल्या जातात. गोव्यातील स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक दृढ असल्याचे आढळले. घरातील जाच बोलून दाखविता येत नाही, कंबरदुखी मात्र सांगता येते. एवढी साधी गोष्ट गोळ्या लिहून देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, हे खेदजनक आहे.

गावपातळीवर काय करता येईल

तपासणीत गंभीर आजार न आढळल्यास "काही झालेले नाही" याऐवजी "धोक्याचा आजार दिसत नाही, पण तुमचा त्रास खरा आहे, तो कशाने होतो ते समजावून सांगतो" असे म्हणता येते. त्यानंतर "घरी सध्या कसे चालले आहे?" हा एकच प्रश्न विचारून दोन मिनिटे गप्प बसावे. पुष्कळदा रुग्णाच्या डोळ्यांत तेथेच पाणी येते. हे काम केवळ तज्ज्ञांचेच आहे असेही नाही. गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, बिगरवैद्यकीय व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले होते. शासकीय केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते.

शाळेत हेच चित्र लहान आकारात दिसते. एखाद्या मुलाचे पोट सोमवारी सकाळी दुखते आणि रविवारी दुखत नाही. त्यास लबाड ठरविण्यापूर्वी हजेरीपट चाळावा. दुखण्याचे दिवस आणि विशिष्ट तास, विशिष्ट परीक्षा किंवा वाटेत त्रास देणारी मोठी मुले यांचा मेळ बसतो का, हे वर्गशिक्षकाइतके दुसऱ्या कोणास कळणार नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही, आणि ती घालविण्यात पंचायत सदस्याच्या शब्दाला वजन असते. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र चालते. ग्रामपंचायतीच्या फलकावर रुग्णवाहिकेच्या क्रमांकाखाली तो लिहिण्यास एक ओळ पुरते.