गढूळ पाण्याला किती उजेड लागतो?

पाण्याखालच्या फोटोग्राफीसाठी स्ट्रोब, म्हणजे पाण्यात चालणारा फ्लॅश, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो ‘किती ताकदीचा?’ असा, आणि खर्चाचं गणित बहुतेकदा तिथेच हाताबाहेर जातं. पडघ्यात राहणाऱ्या हौशी माणसाचं उदाहरण घेऊ. भिवंडी-पडघा पट्ट्यातल्या गोदामांतून देशभर पार्सलं रवाना होतात, पण पाण्याखालचा स्ट्रोब तिथल्या मांडण्यांवर सहसा नसतो. तो विशेष दुकानातून किंवा थेट परदेशातून मागवावा लागतो. वर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर. बिघडला तर तोच प्रवास उलटा. समुद्रही जवळ नाही. डायव्हिंगसाठी मालवण-तारकर्ली गाठायचं म्हणजे पाचशेच्या आसपास किलोमीटर, आणि पावसाळ्यात ते सगळंच बंद. अशा माणसाने पैसे कशावर खर्चावेत? माझं मत असं की आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात छोटा, साधा, हाताने उजेड कमीजास्त करायचा स्ट्रोब पुरतो, आणि मोठ्यासाठी लागणारी जास्तीची रक्कम स्ट्रोब धरणारा आर्म, बॅटऱ्या आणि पाण्यातल्या सरावावर जास्त चांगली खर्च होते.

याचं कारण पाण्यातच आहे. पाणी प्रकाशातला तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं; पाचेक मीटर खाली गेलं की तो जवळपास संपलेला असतो. तांबोशी माशाचा तांबडेपणा तिथे मळकट करडा दिसतो. तो परत आणायचा तर उजेड माशाच्या जवळच निर्माण करावा लागतो. मात्र स्ट्रोबचा प्रकाशही त्याच पाण्यातून जातो आणि भिंगाकडे परतताना पुन्हा तेच पाणी ओलांडतो. मासा एक मीटरवर असेल तर प्रकाशाला दोन मीटर पाणी पार करावं लागतं आणि तांबडा रंग वाटेत पुन्हा झिजतो. मालवणच्या पाण्यात यात गाळाची भर पडते. देवबागजवळ कर्ली समुद्राला मिळते, गाळ येतो, प्लवक असतं. हिवाळ्यातल्या चांगल्या दिवसांतही पाणी अंदमानसारखं आरपार दिसत नाही. स्ट्रोब पेटला की भिंग आणि मासा यांच्यामधला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर पांढरे ठिपके उमटतात. डायव्हर याला बॅकस्कॅटर म्हणतात. पावसाळ्यात कसारा घाटाच्या धुक्यात हाय-बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे नाशिक महामार्गावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. पाण्यातही तसंच घडतं. दिवा बदलला तरी मधले कण तसेच राहतात, आणि जास्त ताकद म्हणजे जास्त उजळलेले कण.

मग किती ताकद पुरते? स्ट्रोबची ताकद गाइड नंबरने मोजतात. कंपन्या हा आकडा बहुधा हवेतला देतात. पाण्यात तो ढोबळमानाने निम्म्यावर ते एक तृतीयांशावर येतो. इनॉनच्या एस-२००० या छोट्या स्ट्रोबचा गाइड नंबर २० आहे. म्हणजे पाण्यात सात ते दहा. आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ-८ धरलं तर पोच, म्हणजे गाइड नंबर भागिले एफ-आकडा, साधारण ८० सेंटिमीटर ते सव्वा मीटर. गढूळ पाण्यात मासा याहून लांब असेल तर स्ट्रोब कोणताही असो, फोटो टाकूनच द्यावा लागतो. इथले चांगले फोटो अर्ध्या मीटरच्या आत येऊनच मिळतात. त्याच कंपनीच्या मोठ्या झेड-३३० चा गाइड नंबर ३३. प्रकाश २.७ पट, पण पोच वाढते जेमतेम दीडपटीहून थोडी जास्त, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. प्रकाशातला हा फरक कॅमेऱ्यात आयएसओ १०० वरून अडीचशेच्या आसपास नेला की भरून निघतो, आणि आजच्या कॅमेऱ्यांत एवढ्याने फोटो बिघडत नाही.

खरेदी करताना पाहायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. प्रकाशाचा झोत किती रुंद पसरतो, हे पहिलं. शंभर अंशांच्या आसपास पसरणारा झोत असला की स्ट्रोब बाजूला, किंचित मागे आणि थोडा बाहेरच्या दिशेने वळवून ठेवता येतो. मग झोताची फक्त कड माशाला लागते आणि भिंगासमोरचं पाणी अंधारात राहतं. बॅकस्कॅटरवरचा खरा उपाय एवढाच, आणि त्यासाठी दोन सांध्यांचा बरा आर्म आणि घट्ट क्लॅम्प लागतात. आर्मवर पैसे वाचवून स्ट्रोबवर उधळणं हा मला सगळ्यात महागडा काटकसरीपणा वाटतो. दुसरं, एका चमकेनंतर पुढच्या चमकेसाठी लागणारा वेळ. मासा वळतो तो क्षण आपल्या सोयीने येत नाही. साध्या अल्कलाइन सेलऐवजी रिचार्जेबल निकेल-मेटल सेल वापरले की हा वेळ बराच कमी होतो. त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो. तिसरं, स्ट्रोब कॅमेऱ्याशी जोडला कसा जातो. ऑलिंपस टीजी-६ सारख्या कॅमेऱ्यात स्वतःचा फ्लॅश असतो. त्याची चमक ऑप्टिकल केबलमधून स्ट्रोबपर्यंत पोचते आणि कॅमेऱ्याच्या जलरोधक हाऊसिंगला तारेसाठी भोक लागत नाही. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅशच नाही, त्याला वेगळा ट्रिगर घ्यावा लागतो आणि तो खर्च अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. आपोआप उजेड ठरवणारी टीटीएल सोय नसली तरी इथे फारसं अडत नाही, कारण अंतर जवळपास ठरलेलंच असतं आणि बटणाच्या तीन-चार खुणांत काम भागतं.

आकाराचा मुद्दा तर ताकदीपेक्षाही मोठा आहे, आणि दुकानदार तो सहसा काढत नाहीत. मोठा स्ट्रोब आर्मच्या टोकाला असला की पाण्यातही मनगट पिळवटतो, तोल बिघडतो. नवशिक्या डायव्हरचा तोल आधीच कच्चा असतो. तो खाली टेकतो, पायांतल्या पंखांनी गाळ उडतो, आणि ज्या कणांपासून सुटका हवी होती ते आता त्याने स्वतःच उडवलेले असतात. प्रवाळावर हात किंवा पंख टेकला तर नुकसान याहून वाईट. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फोटोसाठी त्यांना धक्का लागणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आक्षेप आहेत. स्ट्रोबच कशाला, व्हिडिओ लाइट घ्यावा, म्हणजे एकात दोन कामं होतील, असं बरेच जण म्हणतात. चित्रफितीसाठी ते योग्य. पण स्ट्रोबची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपते आणि हलणारा मासा गोठतो. तेवढा प्रकाश सतत पुरवणारा दिवा छोटा राहत नाही आणि स्वस्तही राहत नाही. शिवाय डोळ्यांत सतत उजेड गेला की बरेच मासे पाठ फिरवतात. संगणकावर रंग दुरुस्त करता येतात, हा दुसरा आक्षेप. उथळ पाण्यात ते थोडंफार जमतं, पण जो तांबडा प्रकाश सेन्सरपर्यंत आलाच नाही तो वाढवायला गेलं की वाढतो फक्त गोंगाट (नॉइज).

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँकेचं बुडित प्रवाळक्षेत्र आहे, तिथलं पाणी स्वच्छ. निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेलं ‘गुलदार’ जहाज पाण्याखालचं आकर्षण करण्याची योजना आहे. अशा मोठ्या दृश्यांना छोटा स्ट्रोब पुरेल का? पुरणार नाही, पण मोठाही पुरत नाही. अख्खं जहाज उजळवणारा स्ट्रोब आर्मवर बसतच नाही. असे फोटो नैसर्गिक उजेडावर घेतात आणि स्ट्रोब फक्त समोरच्या हातभर भागाला रंग देतो. तेवढं काम छोटाही करतो. जो दरवर्षी स्वच्छ पाण्यात रुंद कोनाचं भिंग लावून उतरतो, त्याच्यासाठी माझा निष्कर्ष लागू नाही, पण असा माणूस पहिला स्ट्रोब शोधत नसतो.

राहिला भरवशाचा प्रश्न. स्वस्त स्ट्रोबमध्ये पाणी शिरतं, अशी भीती असते. ती निराधार नाही, तरी पाणी बहुतेकदा ओ-रिंगवरच्या, म्हणजे झाकणाच्या रबरी कडीवरच्या, केसामुळे, वाळूच्या कणामुळे किंवा तिरकस बसलेल्या झाकणामुळे शिरतं, आणि महाग स्ट्रोबलाही ओ-रिंग तशीच असते. म्हणून ओ-रिंग सहज काढता येते का, जादा ओ-रिंग मिळते का, आणि बॅटऱ्यांचा कप्पा विद्युतमंडलापासून वेगळा सीलबंद आहे का, हे घेण्याआधी विचारावं. कप्पा वेगळा असेल तर पाणी शिरलं तरी सेल आणि संपर्कपट्ट्यांवर भागण्याची शक्यता असते. प्रवासाआधी घरीच सेल न घालता झाकण बंद करून, आत कागद ठेवून स्ट्रोब पाण्याच्या पिंपात तासभर बुडवावा. पिंप मोठी गळती दाखवतं, खोलीचा दाब दाखवत नाही, म्हणून पहिली डाइव्ह उथळच ठेवलेली बरी. पुढे हौस टिकली आणि सावल्या खटकू लागल्या, तर पहिला विकून मोठा घेण्यापेक्षा त्याच जातीचा दुसरा छोटा घ्यावा: दोन बाजूंनी येणारा उजेड एका मोठ्या झोताला जमत नाही, आणि एक बिघडला तर पाचशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाची डाइव्ह वाया जात नाही.