झेल देणारे हात

बेसबॉलच्या मैदानात फलंदाजापासून जवळच्या टापूत उभे राहून जमिनीलगत येणारा वेगवान चेंडू अडवणाऱ्या आणि क्षणार्धात तो योग्य तळाकडे, म्हणजे बेसकडे, फेकणाऱ्या खेळाडूला इनफिल्डर म्हणतात. क्रिकेटमध्ये हेच काम स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिडविकेट आणि शॉर्ट लेग अशा अनेक जागांत विभागले गेले असल्यामुळे त्याला एकच एक नाव मिळाले नाही. तरीही दोन खेळांतील साम्य वरवरचे नाही. बेसबॉलमध्ये लगतच्या दोन तळांमधील अंतर 90 फूट असते आणि मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये आतल्या वर्तुळाची त्रिज्या 30 यार्ड, म्हणजे नेमकी तेवढीच, सुमारे साडेसत्तावीस मीटर असते. बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅम वजनाचा, तर क्रिकेटचा 156 ते 163 ग्रॅमचा, आणि हा अधिक जड चेंडू यष्टिरक्षक वगळता सर्वांना उघड्या हातांनी पकडावा लागतो. या अंतरावर आणि या वजनाच्या चेंडूसमोर उभे राहण्याची शिकवण कोण देतो, आणि ती देणाऱ्याचे आयुष्य कसे जाते, हा प्रश्न ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात विचारण्याजोगा आहे. कारण याच पट्ट्यात वाढलेल्या एका खेळाडूने क्षेत्ररक्षणाचा जागतिक विक्रम केला होता.

ऑगस्ट 2015 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या गॉल कसोटीत अजिंक्य रहाणे यांनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच असे 8 झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूने एका कसोटीत इतके झेल तोवर कधीही घेतले नव्हते; सात झेलांच्या आधीच्या विक्रमात सहभागी असलेल्यांपैकी एक महाराष्ट्राकडून खेळणारे यजुर्वेंद्र सिंग होते, ज्यांनी 1977 साली बंगळुरूत इंग्लंडविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटीत ही कामगिरी केली होती. गॉलचा तो सामना भारताने 63 धावांनी गमावला, त्यामुळे त्या 8 झेलांची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. रहाणे यांचे शालेय शिक्षण डोंबिवलीच्या एस. व्ही. जोशी हायस्कूलमध्ये झाले, वयाच्या सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना गावातल्याच एका छोट्या प्रशिक्षण वर्गात घातले आणि तिथली खेळपट्टी मॅटची होती. मॅट म्हणजे काथ्याची जाड चटई, जी मुरमाड जमिनीवर खिळ्यांनी ताणून बसवतात आणि जिच्यावरून चेंडू मातीच्या खेळपट्टीपेक्षा अधिक उसळतो.

धावफलकावर बाद झालेल्या फलंदाजाच्या नावापुढे झेल घेणाऱ्याचे नाव येते, गोलंदाजाचे येते. मात्र सकाळी त्याच हातांना झेल देणाऱ्याचे नाव कुठेही येत नाही. गॉलच्या वेळी भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक आर. श्रीधर होते. ते हैदराबादकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले डावखुरे फिरकी गोलंदाज होते आणि भारताकडून एकही सामना खेळले नव्हते. या व्यवसायाचे हे एक महत्त्वाचे लक्षण आहे: यात येणारा माणूस बहुधा स्वतः नामवंत खेळाडू नसतो.

डोंबिवलीतील एका मैदानाच्या कोपऱ्यात हा व्यवसाय जवळून पाहता येतो. येथे झेलांचा सराव घेणारे प्रशिक्षक एकेकाळी कांगा लीगमध्ये शॉर्ट लेगला उभे राहत. कांगा लीग ही 1948 पासून मुंबईच्या मैदानांवर ऐन पावसाळ्यात खेळली जात आलेली स्पर्धा, जिथे चेंडू ओला, जड आणि निसरडा असतो. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी दुसऱ्या पेरापासून बाहेर वळलेली आहे आणि बॅटची मूठ धरताना ती इतर बोटांना चिकटत नाही, मोकळीच राहते. मुले त्यांना केवळ सर म्हणतात. दव पडलेल्या मॅटचा ओलसर, काथ्याचा वास पसरलेला असताना ते डाव्या हाताने चेंडू थोडा वर सोडतात, एका हाताने धरलेली बॅट त्याखाली आणतात आणि समोर ओणव्या उभ्या असलेल्या मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर तो पाठवतात. पंधरा पावलांवरचा मुलगा तो पकडतो, परत टाकतो, आणि पुढचा चेंडू एक वीत डावीकडे येतो, त्याच्या पुढचा तेवढाच उजवीकडे. चेंडू नेमका किती अंतराने सरकवायचा हे त्या वळलेल्या करंगळीच्या हातालाच ठाऊक असते; मुलाला जे जमते त्याच्या किंचित पलीकडे तो पडला पाहिजे, फार पलीकडे पडला तर मूल हात घालणेच सोडून देते. या अचूकतेकडे पाहिल्यावर फलंदाजाचा कव्हर ड्राइव्ह सोपा वाटू लागतो.

एका मुलाला रोज शंभर झेल मिळाले पाहिजेत, असे या प्रशिक्षकांचे म्हणणे आहे, आणि ते हा आकडा कोणत्याही पुस्तकाच्या आधारे नव्हे तर स्वतःच्या खेळाच्या आठवणीवरून सांगतात. वर्गात वीस मुले असतील तर शंभर झेलांच्या हिशेबाने एका सकाळी दोन हजार वेळा बॅट फिरवावी लागेल, जे एका माणसाला शक्य नाही. म्हणून मुलांच्या जोड्या लावल्या जातात, मोठी मुले लहानांना झेल देतात आणि सर स्वतः एका वेळी दोघा-तिघांकडेच लक्ष देतात. सूचना थोड्या आणि ठरलेल्या असतात: चेंडू शेवटपर्यंत बघ, हात पुढे नेऊ नकोस, चेंडूला हातात येऊ दे, बोटे खाली. हात सैल ठेवून चेंडूबरोबर किंचित मागे घेणे, ज्याला मैदानावर सॉफ्ट हँड्स म्हणतात, हे सांगून समजत नाही. ते शंभर झेलांमधल्या सत्तराव्या-ऐंशीव्या झेलाला, हात दमल्यावर आणि ताठरपणा आपोआप गेल्यावर, मुलाच्या हातात येते. सराव संपण्याच्या बेताला असतानाच सर बोलायचे थांबतात आणि चेंडूंचा वेग वाढवतात, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. धावणे, ताणाचे व्यायाम आणि उंच झेल हे भाग सर्वत्र असतात तसेच येथेही होतात.

बेसबॉलमध्ये या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील रॉन वॉशिंग्टन यांचे आहे. 1952 साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेले वॉशिंग्टन कॅन्सस सिटी रॉयल्स या संघाच्या प्रशिक्षण अकादमीतून पुढे आले, 1977 ते 1989 या काळात पाच संघांकडून मुख्यतः शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या तळावर खेळले, आणि खेळाडू म्हणून त्यांचे नाव फारसे झाले नाही. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांच्या मधली जागा, जिथे सर्वांत अधिक आणि सर्वांत अवघड चेंडू येतात. 1996 पासून ते ओकलंड संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांचे खरे कार्य तेथून सुरू झाले. खेळाडूला गुडघ्यांवर बसवायचे, त्याच्या हातात नेहमीपेक्षा छोटा हातमोजा द्यायचा आणि काही फुटांवरून एकामागून एक जमिनीलगतचे चेंडू सोडायचे, ही त्यांची पद्धत. पाय बाजूला काढले की हातांचा दोष लपत नाही, हे तिचे तत्त्व. 2002 मध्ये स्कॉट हॅटेबर्ग या यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळणाऱ्या खेळाडूला पहिल्या तळावर उभे राहायला त्यांनीच शिकवले, आणि तो प्रसंग 2011 च्या ‘मनीबॉल’ चित्रपटात आला. ओकलंडचे एरिक चावेझ यांना उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लव्ह पारितोषिक सहा वेळा मिळाले आणि त्यांतील एक त्यांनी वॉशिंग्टन यांना देऊन टाकले. पुढे टेक्सास रेंजर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून वॉशिंग्टन यांनी 2010 आणि 2011 अशी सलग दोन वर्षे संघाला वर्ल्ड सिरीज या अंतिम लढतीपर्यंत नेले.

या दोन खेळांमधला पूल काही कल्पनेतला नाही. या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाने माइक यंग या अमेरिकी बेसबॉल प्रशिक्षकाला क्षेत्ररक्षण शिकवण्यासाठी नेमले होते, आणि आज क्रिकेटमध्ये वर्तुळातून थेट यष्ट्यांवर फेक करण्याचा जो सराव दिसतो त्यात बेसबॉलच्या इनफिल्डरचे पायांचे काम स्पष्ट ओळखू येते. डोंबिवलीच्या मैदानावर गुडघ्यांवर बसून झेल घेणारी मुले वॉशिंग्टन यांचे नाव ऐकूनही नसतील. परंतु पद्धत तीच आहे, कारण अडचण तीच आहे.

फरक आहे तो चरितार्थाचा. अमेरिकेत इनफिल्डर निवृत्त झाला की संघाच्या रचनेतच त्याच्यासाठी पगारी पदे असतात. मुंबईच्या क्रिकेटमध्ये फार काळ खेळाडूचा चरितार्थ कंपन्यांच्या आणि बँकांच्या नोकरीवर चालला. टाइम्स शील्डसारख्या आंतरकार्यालयीन स्पर्धांसाठी खेळाडूंना नोकरी मिळे, परंतु ती धावा आणि बळी पाहून मिळे, झेल पाहून क्वचितच. एकनाथ सोलकर हे या नियमाचे सर्वांत मोठे उत्तर होते. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराच्या या मुलाने 27 कसोटींत 53 झेल घेतले, तेही फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, शिरस्त्राणाशिवाय उभे राहून. 1971 च्या ओव्हल कसोटीत वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर ॲलन नॉट यांचा त्यांनी सूर मारून घेतलेला झेल भारताच्या इंग्लंडमधील पहिल्या मालिकाविजयाचा भाग आहे. सोलकर अपवाद होते. त्यांच्या जागेवर क्लबांसाठी उभे राहिलेले शेकडो जण वळलेली बोटे घेऊन निवृत्त झाले, आणि त्यांतले जे प्रशिक्षक झाले त्यांना सुटीच्या वर्गांच्या फीवर भागवावे लागले.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात येतात. मोठी मैदाने आणि निवडसमितीची नजर मात्र दीर्घकाळ दक्षिण आणि मध्य मुंबईतच राहिली. त्यामुळे येथील मुलाचे क्रिकेट लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले होते आणि आहे. रहाणे यांनीच मुलाखतीत सांगितले आहे की, लहानपणी डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत एकट्याने प्रवास करायला वडिलांनी त्यांना सांगितले आणि स्वतः मागच्या डब्यात बसून ते लक्ष ठेवून होते. पुढे सतराव्या वर्षापासून त्यांना प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन मिळाले. 1992 साली डर्बनला पहिल्याच कसोटीत शतक करणारे आमरे अकरा कसोटी खेळून प्रशिक्षणाकडे वळले, म्हणजे खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंतची वाट त्यांनी वरच्या पातळीवरून चालून दाखवली. कल्याणच्या तुषार देशपांडे यांनी 2024 साली भारतीय संघात स्थान मिळवले तेव्हा ही शहरे पुन्हा चर्चेत आली.

परंतु नव्या काळाने जागेचा प्रश्न अधिक बिकट केला आहे. कल्याणचे सुभाष मैदान, ठाण्याचे सेंट्रल मैदान, डोंबिवलीचे क्रीडासंकुल अशा मोजक्या मोकळ्या जागांवर क्रिकेटखेरीज सभा, मेळावे आणि प्रदर्शने यांचाही हक्क असतो. दुसरीकडे जाळीने बंद केलेली कृत्रिम हिरवळीची छोटी मैदाने, ज्यांना सर्रास टर्फ म्हटले जाते, तासाच्या भाड्याने झपाट्याने वाढत आहेत. जाळीच्या पिंजऱ्यात फलंदाजी करता येते, गोलंदाजी करता येते, पण जाळीवर आदळून परत येणाऱ्या चेंडूमुळे क्षेत्ररक्षकाला चेंडूमागे धावण्याची, झेप घेण्याची आणि लांबून फेकण्याची गरजच उरत नाही. पालकही मुलाने किती धावा केल्या हे विचारतात आणि बॅट विकत घेताना कसोशीने पारखतात. ही उपेक्षा अन्यायकारक आहे. ज्या खेळात एक सुटलेला झेल शतकाला कारण होतो, त्या खेळाच्या शिक्षणात झेलाला शेवटची वीस मिनिटे मिळावीत हे समर्थनीय नाही.

महापालिकांनी आपल्या मैदानांचा एक कोपरा सकाळच्या दोन तासांसाठी केवळ क्षेत्ररक्षणाला राखून ठेवावा आणि क्लबांनी झेल देणाऱ्या माणसाला फलंदाजी शिकवणाऱ्याइतकेच मानधन द्यावे, ही मागणी मोठ्या खर्चाची नाही. मुलाला क्रिकेटच्या वर्गात घालणाऱ्या पालकांनीही फी, नेट आणि किट यांची चौकशी करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे मुलाला रोज किती झेल मिळतात? उत्तर शंभराच्या जवळपास आले, तरच तिथे नाव नोंदवावे.