मान आणि मानधन

पदवीदान समारंभात मानद डॉक्टरेट देण्याची विद्यापीठांची चाल जुनी आहे. मुत्सद्दी, सेनापती आणि देणगीदार यांच्या पंक्तीत बालकांकरिता आयुष्य वेचणाऱ्या एखाद्या व्यक्तीसही क्वचित पाट मांडला जातो, तेव्हा आम्हांस समाधान वाटते. परीक्षा न घेता दिलेली ही पदवी म्हणजे, आपल्या भिंतींबाहेरही ज्ञान निर्माण होते, अशी विद्यापीठाने दिलेली कबुलीच होय.

इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठाने १९२३ साली डॉ. मारिया माँटेसरी यांस हा मान दिला. या कार्याचा उगम कोठे झाला? रोम शहरातील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत, १९०७ साली. आईबाप कामावर गेले म्हणजे मागे राहिलेली मुले इमारतींची नासधूस करीत. त्यांस सांभाळण्याकरिता तेथे एक खोली मिळाली. बाईंनी मुलांस शिकविण्याआधी त्यांचे निरीक्षण केले, आणि गरिबांच्या त्या पोरांनी शिक्षणशास्त्रासच नवा धडा घालून दिला.

१९३९ साली माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या. त्यापूर्वीच, १९२६ साली, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापून हे बीज इकडे रुजविले होते. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा बाणा. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्यामुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

शब्द गेला, पण ते काम करणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले? पोरांस खाऊ घालणे, त्यांचे वजन घेणे, गाणी शिकविणे, आयांस लसीची आठवण देणे, हे सारे तिने करावे, आणि मोबदला? पगार नव्हे, मानधन! सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले की, सेविकेचे पद हे सरकारी नोकरीचे पद नव्हे. त्याच न्यायालयाने २०२२ साली गुजरातेतील सेविकांच्या दाव्यात मात्र असा निर्णय दिला की, १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुरते हे मानधन वेतनच होय. गोड नाव दिल्याने श्रमाचे स्वरूप पालटत नाही, हे न्याय्य तत्त्व यात आहे. सरकारने ते ग्रॅच्युइटीपुरतेच का मानावे?

कोणी म्हणेल, बालसेवा हे पुण्यकर्म. त्यास मोल कसले? आमच्या व्यापारी वाचकांनीच सांगावे, पेढीवरील मुनिमास महिनाअखेर नुसता मान दिला तर पेढी किती दिवस चालेल?

विद्यापीठांनी पदव्या अवश्य द्याव्यात. पण बालकार्यास विद्या मानावयाचे, तर ते रोज करणाऱ्या सेविकांस रीतसर शिक्षण व त्याचे प्रमाणपत्र देणे, आणि त्यांच्या वेतनाचा प्रश्न सरकारपुढे अधिकारवाणीने मांडणे, हे त्यांचे कर्तव्य ठरते. व्यासपीठावर एका व्यक्तीच्या खांद्यावर झगा घालावयाचा आणि अंगणात तेच काम करणाऱ्या हजारोंच्या हाती मानधन ठेवावयाचे, ही विसंगती जोवर आहे, तोवर त्या झग्याचा मान अपुराच राहील.