खाडीने निवडलेली जहाजे

चाचेगिरीच्या व्हिडिओ गेममध्ये जहाज सुधारणे म्हणजे बहुधा त्यात भर घालणे. २०१३च्या ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’मध्ये लुटीतले लाकूड, धातू आणि कापड खर्ची घातले की ‘जॅकडॉ’चा सांगाडा भक्कम होतो आणि तोफांची ताकद वाढते. खेळ म्हणून हे रंगते. पण ‘मोठे ते चांगले’ हा हिशेब गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर टिकत नाही. पेडणे आणि डिचोली हे मुलूख १७८०च्या दशकात पोर्तुगिजांकडे कायमचे गेले. त्याआधी ते वाडीकर सावंत-भोसल्यांचे होते. गोरे व्यापारी ज्यांना चाचे म्हणत, ते इथे दर्यावर हक्क सांगणारे राजे होते. सावंतांचे आरमार तेरेखोल नदीच्या आसऱ्याला असे. इथे जहाज निवडताना पहिला शब्द खाडीचा होता, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा जहाजांच्या बांधणीतच आहे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने ह्याच कोकण किनाऱ्यावरच्या आरमारी घराण्याच्या, म्हणजे आंग्र्यांच्या, गुराबांचे आणि गलबतांचे बारकाईने वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद आणि थोड्या पाण्यात तरंगणारी. तिची नाळ लांब पुढे आलेली असे आणि नाळेला कठडा नसे. समोरून लाट आली की गुराब जोराने डुबकी घेई. नाळेवर चढलेले पाणी अडून न राहता वाहून जावे, म्हणून ती उघडी ठेवलेली. नाळेमागच्या फळीला भोके पाडून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. गलबत फार तर ७० टनांचे. त्याला एक भलेमोठे तिकोनी शीड आणि ४०-५० वल्ही. वारा पडला तरी ते ताशी ४ मैल जाई आणि गुराबीलाही ओढून नेई. वाऱ्याविना खिळलेल्या मोठ्या जहाजाला मागून गाठायचे आणि त्याच्या डोलकाठ्या, दोर तोडायचे, ही रीत अशाच जहाजांना साधणारी होती. उथळ पाण्यात शिरून दिसेनासे होण्याची सोयही त्यांनाच होती.

यावर हरकत घेता येईल की जहाजे इतकी सोयीची होती, तर सावंत हरले कसे? १६ नोव्हेंबर १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याचे आरमार नदीत शिरले, सावंतांच्या आरमाराचा पराभव झाला आणि जमिनीवरच्या चकमकींनंतर २३ नोव्हेंबरला तेरेखोलचा किल्ला शरण गेला. पण हे आरमार खुल्या समुद्रात नव्हे, नदीच्या आतच गाठले गेले. चपळ जहाजाला हलायला जागा लागते. ती आवळली की चपळाई वाया जाते. जहाज, खाडी आणि मुखावरचा किल्ला ही एकच रचना होती आणि ती एकदमच मोडली. मग मोठे जहाज असते तर वाचले असते का? त्याचे उत्तर आंग्र्यांच्या विजयदुर्गात मिळते. तुळाजी आंग्र्यांनी १७४९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पकडून आपल्या ताफ्यात घेतले होते. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजांनी बंदरात मारा केला, तेव्हा गोळा पडून आग लागली ती कंपनीकडून घेतलेल्या जहाजालाच, आणि ती साऱ्या आरमारात पसरली. कोंडलेल्या पाण्यात मोठेपणही कामी आले नाही.

म्हणून २००४चा ‘सिड मायर्स पायरेट्स!’ मला अधिक समंजस वाटतो. त्यात तळाला तांब्याचा पत्रा मारला की जहाज लवकर वळते, सुती शिडे लावली की वेग वाढतो. लहान स्लूपही जाणत्या खेळाडूला पुरते. तिथे सुधारणा म्हणजे केवळ भर नव्हे. आपल्याकडच्या तरुणांनी उद्या असा खेळ रचला, तर कॅरिबियन समुद्र उसना आणू नये. भरती-ओहोटी, पालटता वारा आणि उथळ खाडी आधी मांडावी. मग गुराब घ्यावी की गलबत, हे खेळाडूला ते पाणीच सांगेल.