बॅट हवेत, चेंडू पडद्यावर

हर्सूलच्या गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोराला फटका नीट बसला की नाही, हे मनगटातच कळतं. ते क्रिकेट दिवाणखान्यात आणायचा प्रयत्न मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’मध्ये केला. प्लेस्टेशन ३ च्या या खेळात मूव्ह कंट्रोलर हीच बॅट. त्याच्या टोकाला उजळणारा गोळा असतो. टीव्हीजवळच्या कॅमेऱ्याला तो मोठा दिसला की हात पुढे आला, लहान दिसला की मागे गेला. मनगट किती वळलं, हे आतला जायरोस्कोप सांगतो.

तरी अडचण उरतेच. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला थोडाही वेळ टीव्ही आणि सेन्सरच्या दिरंगाईत गेला, की टायमिंग बिघडलंच! शिवाय हाताला बॅटचं वजन नाही, चेंडूचा दणका नाही.

म्हणूनच निन्टेंडोच्या २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये सर्वात अस्सल वाटतं ते टेनपिन बोलिंग. तिथे चेंडू आपण सोडायचा, आपल्या सवडीने. समोरून काही अंगावर येत नाही. टेनिसमध्ये मात्र सोफ्यावर बसून मनगट झटकलं तरी पॉइंट मिळतो, कारण मूळ वी रिमोटमध्ये त्वरणमापक होता, जायरोस्कोप नव्हता. जायरोस्कोप जोडणारं मोशनप्लस २००९ मध्ये आलं. तोवर ‘वी स्पोर्ट्स’ कोट्यवधी घरांत पोचला होता.

मायक्रोसॉफ्टच्या २०१० च्या किनेक्ट कॅमेऱ्याने हात पूर्ण मोकळे केले, पण समोर सहा-एक फूट रिकामी जागा मागितली. आपल्या वन बीएचकेत ती आणायची कुठून? २०१७ मध्ये कंपनीने किनेक्टचं उत्पादन थांबवलं.