रद्दीच्या भावाने जाणारी दप्तरे

१२ मे १८७५ या दिवशी सुपे या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या उठावाची ती सुरुवात होय. जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, खते आणि हुकूमनामे बाहेर ओढून त्यांची होळी करण्यात आली. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा सारा भाग पाठ असतो. परंतु त्यातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या कुणब्याला कागदाची किंमत पुरेपूर ठाऊक होती!

त्याच सुप्याच्या परिसरात आणि शेजारच्या इंदापुरात आज जुना कागद जाळण्याची कोणास गरज उरलेली नाही. उसाचा पैसा येतो, जुना वाडा पाडून सिमेंटचे घर उभे राहते आणि माळ्यावरचा धुळकट रुमाल खाली उतरतो. घरातील कोणालाही मोडी वाचता येत नाही. कसर लागलेले ते बाड चार दिवस ओसरीवर पडते आणि पाचव्या दिवशी रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. सुप्याच्या जमावाने कागद जाळले, कारण त्यांना किंमत होती; आजचा वारस ते विकतो, कारण त्याच्या लेखी त्यांना किंमत नाही.

कागद टिकला कशामुळे?

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत तीन-तीनशे वर्षांचे कागद टिकून राहिले, याचे श्रेय इतिहासप्रेमाला देणे भाबडेपणाचे ठरेल. ते टिकले वतनामुळे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे हक्क वंशपरंपरेचे होते आणि त्या हक्कांना आधार कागदाचाच होता. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मराठ्यांचे राज्य झाले, मग इंग्रज आले; प्रत्येक नव्या सत्तेने जुना पुरावा मागितला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, तेव्हा तर कागद नाही त्याचे इनाम धोक्यात, अशी अवस्था झाली. म्हणून घराण्यांनी फर्माने, खुर्दखते, महजर आणि करीने सोन्यानाण्यासारखे जपले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर तो कागद म्हणजे उत्पन्न देणारे भांडवल होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ च्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांबरोबर त्यांतील दप्तरेही नष्ट झाली. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा आणि कुलकर्णी वतने संपुष्टात आली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा कायदा आवश्यकच होता. तथापि, त्याचा एक परिणाम कोणी हिशेबात धरला नव्हता. वतन गेल्याबरोबर वतनाच्या कागदाचा भावही गेला. मालकाला ज्याचा कवडीचा उपयोग नाही, परंतु समाजाला ज्याचे मोल फार मोठे आहे, अशी वस्तू बाजार कधीच सांभाळीत नाही. रस्ता, दिवा किंवा पाणवठा याप्रमाणेच तिची काळजी सर्वांच्या वतीने कोणीतरी घ्यावी लागते. विद्वानांच्या मंडळांची आवश्यकता नेमकी येथे निर्माण होते.

मंडळाने काय केले?

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला होता. गावोगाव पायपीट करून, रुसलेल्या वारसांची मनधरणी करून, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी कागद मिळवले. परंतु एका माणसाचे पाय कितीही चालले तरी महाराष्ट्र पुरा होत नाही, हे ओळखूनच मंडळाची कल्पना पुढे आली.

मंडळाची कामाची रीत साधी होती. सभासदांनी सभेत टिपणे वाचावीत, त्यांवर चर्चा व्हावी, वर्षाकाठी संमेलन भरावे आणि जे सापडले ते छापून सर्वांस खुले करावे. इतिवृत्ते, त्रैमासिक, 'शिवचरित्र साहित्य' यांसारखे खंड या क्रमाने हे काम वाढत गेले. सरकारी पेशवे दप्तर सरकारच्या कचेरीतून पाहिलेला इतिहास सांगते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, ही कामगिरी मोठीच आहे. परंतु गावच्या शिवेचा तंटा, पाटीलकीची वाटणी, बलुत्याचा वाद या गोष्टी घराण्यांच्या रुमालांतच अधिक सापडतात. ते रुमाल उलगडण्याचे काम मंडळाने केले.

अशा एखाद्या कागदाने काय घडू शकते, याचे उदाहरण शिवजन्मतिथीचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे १६२७ साली झाला, असे दीर्घकाळ मानले जाई. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली निघाली आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ती मंडळाच्या द्वारे अभ्यासकांपुढे ठेवली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. परमानंदाच्या 'शिवभारता'नेही तिला दुजोरा दिला. पुढे राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारली. एका देशमुखाच्या घरातील काही पानांनी साऱ्या महाराष्ट्राचे पंचांग बदलले!

अर्थात, सापडलेला प्रत्येक कागद खरा नसतो. वतनाच्या भांडणात बनावट कागद करणारेही कमी नव्हते. अक्षराचे वळण, शिक्का, सनांचा मेळ आणि भाषेचा काळ ताडून पाहिल्याशिवाय पुरावा मान्य करायचा नाही, ही शिस्त अशा मंडळांनीच लावली. युरोपातही प्रबोधनकाळाची एक ओळख हीच आहे. १४४० साली लोरेंझो वाल्ला या इटालियन पंडिताने केवळ लॅटिन भाषेच्या परीक्षेवरून, पोपला राज्याधिकार देणारे म्हणून मिरवले जाणारे कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे दाखवून दिले. आपल्याकडे ग. ह. खरे यांनी आदिलशाही, निजामशाही कागदांसाठी फारसी आत्मसात केली आणि 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड सिद्ध केले. श्रद्धा आणि पुरावा यांतील अंतर ओळखण्याचे हे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा मोलाचे आहे.

या कागदांचा उपयोग राजवंशांपुरताही मर्यादित नाही. हिरोशी फुकाझावा या जपानी अर्थेतिहासकारांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे १९७२ साली असे दाखवले, की महाराष्ट्रातील बलुतेदार हे ठरावीक घरांचे आश्रित नसून साऱ्या गावाचे वतनदार सेवक होते. भारतीय खेड्याविषयी उत्तरेकडील अनुभवावरून बांधलेले अनुमान त्यामुळे तपासून घ्यावे लागले. जपानहून आलेल्या अभ्यासकाला जे कागद मोलाचे वाटले, ते त्यांच्याच गावात रद्दी ठरावेत, हा विरोधाभास लाजिरवाणा आहे.

बारामती-इंदापूरची शिल्लक

या दोन तालुक्यांचा विचार करता ही गोष्ट विशेष जाणवते. पुणे, सुपे आणि इंदापूर ही नावे भोसले घराण्याच्या जहागिरीशी निगडित आहेत. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. ते वर्ष १६०६ की १६२० च्या आसपासचे, याविषयी अभ्यासकांत अजून एकमत नाही. शहाजीराजांचे मेहुणे संभाजी मोहिते सुप्याचा कारभार पाहत. १६५६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी ते ठाणे त्यांच्याकडून काढून घेतले. पुढील शतकात बारामतीचे नाईक जोशी हे बड्या सावकारांत गणले जाऊ लागले. थोरल्या बाजीरावांवर बाबूजी नाईकांचे कर्ज होते आणि १७४० साली बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी खुद्द नाईकांचेच नाव पुढे करण्यात आले होते. याच नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी मोरोपंतांची काव्यसाधना १७९४ पर्यंत चालली. मोरोपंतांची आर्या महाराष्ट्राने जपली. ज्या सावकारीच्या जोरावर तो आश्रय उभा होता, तिच्या जमाखर्चाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

इंदापूरचे महत्त्व तर महसुलाच्या इतिहासात अनन्यसाधारण आहे. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने दख्खन ओसाड झाले. पडीक गावे पुन्हा वसवण्यासाठी त्या काळी कौल देत. प्रारंभी अल्प सारा आणि मग वर्षावर्षाला चढता, या पद्धतीला इस्तावा म्हणत. त्यानंतर दोनशे वर्षांनी प्रिंगल यांच्या जबर आकारणीमुळे इंदापुरातील रयत पुन्हा परागंदा होऊ लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली याच तालुक्यात आकार कमी करून तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीचा पाया तेथे घातला गेला. दोन्ही काळांतील प्रश्न एकच होता: रयत टिकावी आणि जमीन पिकावी, तर धारा किती घ्यावा? इंग्रजांचे उत्तर छापील अहवालांत मिळते. त्याआधीच्या राज्यकर्त्यांचे आणि रयतेचे उत्तर गावच्या मोडी कागदांतून शोधावे लागते.

हे शोधण्यास फार अवधी नाही. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, तेव्हा भीमाकाठची गावे उठली आणि पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे शिखर वर येते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. दगड निदान पुन्हा दिसतो. भिजलेला कागद दिसत नाही. उठलेल्या गावातील माणूस गुरेढोरे आणि भांडीकुंडी घेऊन निघतो, तेव्हा माळ्यावरच्या रुमालाची आठवण कितीजणांना राहत असेल?

काय करता येईल?

यावर काही आक्षेप संभवतात. ज्या इंदापुरातील कित्येक गावे उन्हाळ्यात पाण्यासाठी तळमळतात, तेथे जुन्या कागदांची चैन कशाला, हा पहिला. त्याला उत्तर असे की, ओढे, पाट, विहिरी, जमिनींची प्रत आणि दुष्काळी वर्षे यांच्या नोंदी याच कागदांत असतात. पाण्याचा विचार करणाऱ्यानेच त्या आधी वाचल्या पाहिजेत. दुसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तो अधिक बळकट आहे. आपल्या घराण्याचा कमीपणा उघड होईल किंवा जमिनीचा एखादा दावा उभा राहील, या भीतीने लोक दप्तर दाखवीत नाहीत. ही भीती हसण्यावारी नेता कामा नये. मूळ कागद मालकाकडेच ठेवून, त्याच्या संमतीने प्रत घेण्याचा प्रघात पाडला तर ती बरीच ओसरेल.

तिसरा आक्षेप असा की, पुण्यात मंडळ असताना तालुक्याने वेगळा व्याप का करावा? इंग्लंडमध्ये लंडनला राष्ट्रीय दप्तरखाना असूनही १९१३ साली बेडफर्डशायरने परगण्याचे स्वतंत्र दप्तरखाते सुरू केले आणि पुढे इतर परगण्यांनी तोच मार्ग धरला. कागद जेथला आहे, तेथल्या माणसालाच त्यातील ओढ्याचे नाव, शिवेची खूण आणि भाऊबंदकीचा धागा चटकन उमगतो. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून उभे आहे. या परिसरातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन वर्षाला दहा गावांची दप्तरपाहणी केली, पुण्याच्या मंडळाकडून मोडीचे शिक्षण घेतलेले काही विद्यार्थी तयार केले आणि महिन्यातून एक सभा भरवली, तर खर्च एका स्नेहसंमेलनाहून अधिक येणार नाही. छायाचित्र घेण्याचे साधन आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. वाचणारे डोळे मात्र तयार करावे लागतील. त्या कामी शिक्षकांइतकीच तलाठी कचेरीतील आणि ग्रामपंचायतीतील कारकुनांची मदत मोलाची ठरेल, कारण कोणत्या वाड्याची पाडापाडी निघाली आहे, हे सर्वांआधी त्यांनाच कळते.

१८७५ साली सुप्याच्या चावडीपुढे जो कागद जळला, त्यामागे निदान एक कळकळीची मागणी होती. आज जो कागद तराजूत जातो, त्यामागे केवळ अज्ञान आहे. रद्दीवाल्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. तो आपला भाव चोख देतो. प्रश्न आहे तो, त्याहून अधिक भाव देणारे कोणी या दोन तालुक्यांत पुढे येते की नाही, हा.